रेवदंडा, कोर्लई आणि एका बिटाची आठवण

१/
रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की कुंडलिकेच्या मुखापलीकडे समुद्रात शिरलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. अलीकडे सपाटीवरचा, नारळी-पोफळीच्या वाड्यांत हरवलेला रेवदंड्याचा कोट, तर पलीकडे डोंगराच्या कण्यावर चढलेला कोर्लईचा किल्ला. मधून खाडी समुद्राला मिळते. दोन्ही ठिकाणे पोर्तुगीजांनी राखली, दोन्हीकडून खाडीच्या तोंडावर नजर ठेवली आणि १७४० मध्ये दोन्ही मराठ्यांच्या हाती आली.

आजच्या धाग्यात या दोन किल्ल्यांवरून निघून आपल्याला संगणकाच्या स्मृतीपर्यंत जायचे आहे. विषय इतिहासाच्या बाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. ज्याला स्वतःचा भूतकाळ आहे अशा सर्वांत लहान यंत्राची ही हकीकत आहे.

२/
आधी दोन्ही जागांचा थोडका परिचय. चौल हे प्राचीन बंदर, रोमन व्यापाराच्या काळापासून परदेशी लेखकांना ठाऊक असलेले. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथेच उतरला. त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी येथे वखार घातली आणि पुढे तटबंदी उभारली. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने घातलेला वेढा त्यांनी परतवला. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र निजामशाहीकडे होता. तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला आणि खाडीचे दोन्ही काठ एका सत्तेखाली आले. आपल्याला हवी असलेली मांडणी एवढीच आहे: समोरासमोर दोन किल्ले, एकमेकांच्या दृष्टिपथात.

३/
आता एक कल्पना करू. (ही कल्पनाच आहे. असे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. उद्या कुणी ‘पोर्तुगीजांचे गुप्त निशाणतंत्र’ म्हणून पुढे पाठवू नये!)

प्रत्येक किल्ल्यावर एक पहारेकरी आणि एक निशाण आहे. दोघांनाही एकच नियम दिला आहे: समोरच्या किल्ल्यावर निशाण दिसत नसेल आणि ‘निशाण उतरवा’ असा हुकूमही आलेला नसेल, तरच आपले निशाण वर ठेवायचे. दोहोंपैकी एक जरी गोष्ट घडली तरी निशाण खाली. पहारेकऱ्याला वही नाही, काल काय झाले हे त्याला आठवत नाही. तो फक्त आत्ता समोर पाहतो आणि नियम पाळतो.

४/
समजा रेवदंड्याचे निशाण वर आहे आणि कोर्लईचे खाली. रेवदंड्याच्या पहारेकऱ्याला समोर निशाण दिसत नाही, हुकूमही नाही, म्हणून त्याचे निशाण वर. कोर्लईच्या पहारेकऱ्याला समोर निशाण दिसते, म्हणून त्याचे खाली. दोघांचेही समाधान आहे. कुणी काही केले नाही तर हे असेच राहील.

आता रेवदंड्यास हुकूम येतो: निशाण उतरवा. ते खाली येते. कोर्लईला समोर काही दिसेनासे होते, म्हणून तेथले निशाण चढते. मग हुकूम मागे घेतला जातो. रेवदंड्याचे निशाण पुन्हा वर जाईल का? नाही. आता त्याला कोर्लईचे निशाण दिसते आहे. हुकूम संपला तरी त्याचा परिणाम संपला नाही.

कोर्लईला तोच हुकूम दिला की चित्र उलटते. रेवदंडा वर, कोर्लई खाली. आणि हुकूम उठला तरी तेही तसेच टिकते.

५/
येथे क्षणभर थांबावे, कारण साऱ्या गोष्टीचा गाभा येथे आहे. दोन्हीकडे हुकूम नसताना एखादा प्रवासी गलबतातून खाडीत शिरला, तर त्याला काय दिसेल? आत्ताच्या हुकुमांवरून हे सांगता येत नाही, कारण आत्ता हुकूमच नाहीत. ते सांगण्यासाठी शेवटचा हुकूम कुणाला मिळाला होता हे विचारावे लागते. म्हणजेच इतिहास विचारावा लागतो.

विसराळू पहारेकरी दोन. पण ते एकमेकांकडे पाहत राहतात, म्हणून त्या जोडीला आठवण आहे. ही आठवण रेवदंड्यात नाही आणि कोर्लईतही नाही. ती त्या दोघांमधल्या फेऱ्यात आहे.

६/
या पहारेकऱ्याच्या नियमाला विद्युत-तंत्रात ‘नॉर गेट’ म्हणतात. गेट म्हणजे येणाऱ्या संकेतांवरून ठरावीक नियमाने एकच उत्तर देणारा मंडलाचा तुकडा. नॉर गेटचा नियम असा: येणाऱ्यांपैकी एकही ‘१’ नसेल तरच बाहेर ‘१’, अन्यथा ‘०’. असे दोन गेट घ्यायचे, पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे पहिल्यात परत सोडायचे, आणि प्रत्येकाला बाहेरून हुकूम देण्यासाठी एक तार मोकळी ठेवायची. या जोडणीला ‘लॅच’ म्हणतात, म्हणजे दाराची कडी. नाव चपखल आहे. कडी सरकवून हात काढून घेतला तरी ती सरकवलेल्या जागीच राहते.

एक होय-नाही, एक वर-खाली, एवढीच माहिती ही कडी धरून ठेवते. या मापाला ‘बिट’ म्हणतात.

७/
समाजमाध्यमांवर वारंवार दिसणारा एक दावा येथेच निकालात काढू: ‘संगणकाची स्मृती पिंगलाने शोधली.’ पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व शक्य मांडण्या क्रमाने लिहिण्याची रीत आहे. दोनच चिन्हांनी मोजण्याच्या इतिहासात तिचे स्थान खरोखर मोठे आहे. परंतु ती मांडणी आहे, स्मृती नाही. दोन चिन्हांत लिहिणे निराळे आणि उत्तर परत फिरवून प्रश्नात घालणे निराळे. पिंगलाचा गौरव त्याने जे केले त्यासाठीच करावा. तो पुरेसा मोठा आहे.

८/
कडीचा एक दोष लपवणे बरोबर नाही. दोन्ही किल्ल्यांना एकाच वेळी ‘उतरवा’ म्हटले तर? दोन्ही निशाणे खाली. हेही चालले असते. पण आता दोन्ही हुकूम एकाच क्षणी मागे घ्या. दोघांनाही समोर काही दिसत नाही, म्हणून दोघेही निशाण चढवतात. आता दोघांनाही समोर निशाण दिसते, म्हणून दोघेही उतरवतात. पुन्हा चढवतात, पुन्हा उतरवतात. जो क्षणभर मागे पडेल त्याच्यावर शेवट ठरतो, आणि मागे कोण पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून असे दोन हुकूम एकत्र द्यायचे नाहीत, असा दंडक मंडल रचणारे पाळतात.

दुसरी मर्यादा इतिहासाच्या वाचकाला अधिक बोचेल. रेवदंड्याला ‘उतरवा’ असा हुकूम एकदा दिला की दहादा, काल दिला की शंभर वर्षांपूर्वी, कडी सारखीच दिसते. शेवटचा हुकूम कोणाला मिळाला, एवढेच ती सांगते. १७४० नंतर दोन्ही किल्ल्यांवर मराठ्यांचे निशाण होते, हे एका बिटात मावते. त्याआधीचा वेढा, तह आणि उपासमार त्यात मावत नाही.

९/
ही कडी प्रत्यक्षात आली १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. विल्यम एक्ल्स आणि फ्रँक जॉर्डन या दोन इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांनी दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत तांबूस पेटलेले दिसत ते) असे जोडले की एकाचा निर्गम दुसऱ्याच्या जाळीवर आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या जाळीवर जाई. एक वाहू लागला की दुसरा बंद पडे आणि तो बंद असल्यामुळेच पहिला वाहता राही. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. संगणक हा शब्द तेव्हा यंत्रासाठी रूढ नव्हता. हिशेब करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत तो वापरीत. एका क्षणिक संकेताने एखादी अवस्था बदलावी आणि बदललेली राहावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

१०/
या कडीचे पहिले मोठे काम स्मृतीचे नव्हते, मोजणीचे होते. १९३० च्या दशकारंभी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स अणुकण मोजत होते. कण इतके भराभर येत की यांत्रिक आकडेमापक मागे पडे. त्यांनी द्विअवस्थ मंडले रांगेने लावली. पहिले मंडल दर दुसऱ्या कणाला एक ठोका पुढे देई, त्यापुढचे दर चौथ्याला, त्यापुढचे दर आठव्याला. गर्दी अशी कमी होत होत यांत्रिक मापकाच्या आवाक्यात येई. मधल्या कड्या ज्या अवस्थेत थांबत, ती राहिलेली संख्या.

त्याच वर्षांत केंब्रिजमध्ये एक मुंबईकर तरुण शिकत होता: होमी भाभा. त्यांचा विषय विश्वकिरण, आणि त्या विषयात मोजणीवाचून पाऊल पुढे पडत नाही. १९४५ मध्ये त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापली, तेव्हा त्या मोजणीची गरज संस्थेबरोबरच आली.

११/
संस्थेत आरंभीच आलेल्या गणितज्ञांपैकी एकाला या धाग्याचे सर्व वाचक ओळखतात, पण दुसऱ्याच कारणासाठी. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव, भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलणारे. ते टाटा संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, आणि १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत गेले ते गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी!

आपल्याकडे कोसंबींची दोन चरित्रे जणू दोन कपाटांत ठेवलेली असतात. गणिताच्या कपाटाकडे इतिहासवाले फिरकत नाहीत आणि इतिहासाच्या कपाटाकडे गणितवाले. हे मला पटत नाही. आहत नाणी एकेक तोलून, चलनात राहिल्याने ती किती झिजली यावरून त्यांचा काळ लावणारा हा माणूस धातूत राहिलेली आठवण वाचत होता. नाण्याची झीज ही कडीपेक्षा श्रीमंत स्मृती आहे, कारण प्रत्येक देवघेव तिच्यात थोडी थोडी साठते.

१२/
टाटा संस्थेचे संगणकयंत्र मात्र कोसंबींनी बांधले नाही, हेही नीट नोंदवू. ते काम रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण गटाचे. नरसिंहन अमेरिकेत गणितात पीएच.डी. मिळवून १९५४ मध्ये संस्थेत आले. त्याच सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने विलायतेतून तयार यंत्र मागवले. मुंबईने मात्र ते स्वतः बांधायचे ठरवले.

नमुना प्रिन्स्टनच्या यंत्राचा होता. जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी त्या यंत्राच्या रचनेचे अहवाल मुक्तपणे वाटले होते आणि जगभर त्यांवरून यंत्रे उभी राहत होती. १९५६ मध्ये मुंबईचे प्रायोगिक यंत्र चालू झाले. योगायोग असा की कोसंबींचा भारतीय इतिहासावरचा प्रसिद्ध प्रस्तावनाग्रंथ त्याच वर्षी छापला गेला. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामास लागले. त्याचे ‘टिफ्रॅक’ हे नाव पंडित नेहरूंनी दिले.

ही सारी हकीकत मुंबईच्या कुलाब्याची. आमच्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा होते, अलिबागच्या जलदुर्गावरून. एकाच नावाची ही दोन टोके. मध्ये फक्त समुद्र.

१३/
टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. मुख्य सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच, दोन्ही बाजूंनी पोलादी दारे, म्हणजे बिघडलेला भाग शोधायला आत हात घालता यावा. यंत्राशी बोलायची भाषा नुसत्या शून्य-एकांची.

आता एक हिशेब करून पाहू. या यंत्राच्या मुख्य स्मृतीत २,०४८ शब्द मावत; प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट. एक्ल्स-जॉर्डनच्या पद्धतीने प्रत्येक बिटाला किमान एक जोडव्हॉल्व्ह धरला तर ८१,९२० व्हॉल्व्ह लागले असते, म्हणजे साऱ्या यंत्रात होते त्यांच्या तीसपट. त्यांची वीज, उष्णता, रोज जळणारे नग यांचा विचारही नको. अमेरिकेच्या सुप्रसिद्ध ‘एनिअ‍ॅक’मध्येही व्हॉल्व्ह होते ते अठरा हजारांच्या आसपास.

म्हणून या घराण्यातल्या यंत्रांत कामाची विभागणी असे. बेरीज-वजाबाकी चालू असताना हातातली संख्या क्षणभर धरायची जागा (रजिस्टर) व्हॉल्व्हच्या कड्यांची, कारण ती झटपट बदलावी लागते. मोठा साठा मात्र दुसऱ्या कशात तरी.

१४/
टिफ्रॅकमध्ये ते ‘दुसरे काही’ म्हणजे फेराइटची मण्यांएवढी वलये, तारांच्या जाळीत ओवलेली. वलयाचे चुंबकत्व एका दिशेने फिरवले की ‘१’, उलट फिरवले की ‘०’. वीज गेली तरी वलय आपली दिशा सोडत नाही. ही युक्ती अमेरिकेत १९५३ च्या सुमारास मोठ्या यंत्रात बसवली गेली होती. एवढ्या लवकर मुंबईने ती स्वीकारली, यात त्या गटाची जाण दिसते.

फेराइट वलयाची एक खोड पुरातत्त्वाच्या वाचकांना आवडेल. ते वाचायचे तर त्याला ‘०’च्या दिशेने ढकलावे लागते. त्या वेळी तारेत ठोका उमटला तर समजायचे की आत ‘१’ होता. पण वाचता वाचता तो ‘१’ पुसला गेला! म्हणून वाचल्यावर लगेच तो पुन्हा लिहावा लागतो. उत्खननातही थर वाचताना थर नाहीसा होतो; तेथे परत लिहिण्याची सोय नाही, म्हणून नोंदवही जपायची.

१५/
टिफ्रॅक १९६५ पर्यंत वापरात होता. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन बनावटीचे कितीतरी शक्तिशाली यंत्र आले होते. पाच-सहा वर्षांचे आयुष्य! ‘मग बांधले कशाला’ असा प्रश्न विचारणारे तेव्हाही असतील, आजही आहेत. माझे उत्तर असे की विकत घेतलेले यंत्र चालवता येते, पण बांधलेल्या यंत्राची दारे उघडून आत काय चुकले हे सांगणारी माणसे तयार होतात. ती माणसे आयात करता येत नव्हती.

१६/
आता तुमच्यासाठी. ही कडी घरी बांधता येते, आणि बांधून पाहावीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘७४एचसी०२’ नावाची चिप मागा. चौदा पायांच्या या काळ्या तुकड्यात चार नॉर गेट असतात. आपल्याला दोन पुरेत. सोबत ब्रेडबोर्ड, दोन पुशबटणे, दोन एलईडी, एक किलोओहमचे दोन आणि दहा किलोओहमचे दोन रोधक, पेन्सिल सेल तीन.

चिपची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडून पाय १ ते ७, वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ८ ते १४. पाय १४ ला सेलचे धन टोक, ७ ला ऋण. पहिल्या गेटचा निर्गम पाय १, आगम २ व ३. दुसऱ्याचा निर्गम पाय ४, आगम ५ व ६. आता फेरा जोडा: पाय १ पासून ५ ला तार, पाय ४ पासून ३ ला तार. उरलेले २ आणि ६ हे हुकमाचे पाय. प्रत्येकाला बटणातून धन टोक आणि दहा किलोओहममधून ऋण टोक जोडा, म्हणजे बटण सोडल्यावर पाय अधांतरी राहणार नाही. पाय १ आणि ४ वर एक किलोओहममधून एकेक एलईडी, एलईडीचे दुसरे टोक ऋणाला. न वापरलेले आगम ८, ९, ११ आणि १२ हेही ऋणाला बांधा. बहुतेकांची चूक येथे होते आणि मग मंडल वेड्यासारखे वागते.

पाय १ म्हणजे आपला रेवदंडा, पाय ४ कोर्लई.

१७/
सेल जोडताच दोहोंपैकी एक दिवा लागेल. कोणता, हे आधी सांगता येत नाही. अजून कोणताच हुकूम दिलेला नाही, म्हणजे या यंत्राला अद्याप इतिहासच नाही. जो दिवा लागला आहे त्या बाजूचे बटण दाबा. तो विझेल, दुसरा लागेल. बोट उचला. तुमचे बोट बटणावर नाही, तरी दिवा तुम्ही काय केले ते दाखवतो आहे. तेच बटण पुन्हा दाबा, काही बदलणार नाही. समोरचे दाबा, उलटेल.

मग एक सेल काढा आणि परत बसवा. दिवा आधीचाच लागला तरी फसू नका. चिपचा एखादा गेट केसभर वेगवान असल्याने दरवेळी तोच जिंकू शकतो. वीज गेली तेव्हाच आठवण गेली होती. फेराइटला विसर पडत नव्हता तो येथे पडतो, कारण येथे वस्तू काहीच धरून ठेवत नाही. फेरा चालू आहे तोवरच आठवण.

१८/
पुन्हा खाडीकडे येऊ. कोर्लईत आजही काही कुटुंबे घरात एक वेगळी बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज शब्दसंग्रह आणि मराठीशी शतकांचा सहवास यांतून ती घडली. पोर्तुगीज सत्ता येथून १७४० मध्ये गेली. ती बोला असे सांगणारे राज्य, सैन्य, वखार, सारे तेव्हाच उठले. तरी ती बोली पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली, ती कोणत्याही दगडावर कोरलेली होती म्हणून नव्हे. आई मुलाशी बोलली, मूल आईशी बोलले, आणि ते मूल पुढे आपल्या मुलांशी बोलले.

उपमा ताणू नये हे खरे. भाषा एका बिटाची नसते, ती बदलत जाते, शब्द घेते आणि टाकते. आणि तिचा फेरा दोघांचा नसून साऱ्या गावाचा असतो. परंतु कोर्लईला गेलात तर किल्ला पाहून लगेच मागे फिरू नका. खाली गावात शिरा, आणि कुणी वडीलधारे बोलताना कानी पडले तर थोडे थांबून ऐका.